माकडांच्या खाली, पाइपाच्या वर

खोटं तुम्ही लिहिलंय, मी नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना घाम पुसायला तुमच्याकडे वेळ राहील.

मुख्यालयातून आलेल्या तुमच्या पत्रात आहे, 'सदर डेपोमध्ये महिलांच्या तक्रार निवारणाची संपूर्ण व्यवस्था कार्यरत होती.' ती व्यवस्था मी पुसायची. रोज सकाळी, ओल्या फडक्याने. ती एक लाकडी पेटी होती. कँटीनच्या भिंतीला ठोकलेली, वर भलंमोठं कुलूप, आणि किल्ली कोणाकडे ते देवाला ठाऊक.

त्या सोमवारी जनरलसाहेबांची तपासणी आठ दिवसांवर आली म्हणून पेटी उघडायचं ठरलं. किल्ली सापडेना. शेवटी आगीच्या बंबावरची पहार आणून कुलूप तोडलं. आतून पालीची चार अंडी निघाली, बिडीचं एक थोटूक निघालं आणि एक चिठ्ठी निघाली: 'कँटीनचा चहा पातळ आहे. आपला, एक दुःखी.'

"तीन वर्षांत एकच तक्रार," हेडक्लार्क सुभेदार घाग म्हणाले. "म्हणजे डेपो सुखी आहे गो बाय."

घाग चिपळूणकडचे. पेन्शनला दीड वर्ष उरलेलं. डेपोतला एकही कागद त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय हलत नसे, आणि कागदात काय आहे हे आपल्याला ठाऊक आहे असं त्यांनी कधीही कबूल केलं नाही.

मी छबू काळोखे, फौजेच्या या डेपोतली दफ्तरी. दफ्तरी म्हणजे कागद या टेबलावरून त्या टेबलावर नेणारी. नवरा डेपोच्या बंबावर होता, तो गेला म्हणून मला नोकरी मिळाली. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी शिक्क्यांवरून शिकले. आधी शिक्के उलटे वाचायला यायला लागले, मग सुलटे.

पेटीशेजारी पेंटर नवा फलक रंगवत होता. आमच्या डेपोतली एकुलती एक बाई ऑफिसर, कॅप्टन पल्लवी ठोंबरे, तिथे येऊन उभी राहिली. वाशीमकडची पोर, सव्वीस वर्षांची. परेडला आवाज असा, की कावळे उडायचे. ती फलक वाचायला लागली.

"मावशी, मी या समितीची अध्यक्ष कधी झाले?"

"पेंटर आला तेव्हा."

"मला कोणी विचारलं नाही."

"अध्यक्ष बाईच लागते म्हणे. बाई ऑफिसर तुम्ही एकट्या. विचारून काय, तुम्ही नाही म्हणाला असता तर मला केलं असतं."

तिने खालची ओळ वाचली. 'तक्रार योग्य मार्गाने, म्हणजे कार्यवाहक कमांडंट यांच्यामार्फत सादर करावी.' आणि हसायला लागली. अशी हसली की पेंटरचा 'ध्यक्ष' वाकडा झाला.

"म्हणजे तक्रार मी लिहायची. त्याच्या हातात द्यायची. त्याने शेरा मारून माझ्याकडे पाठवायची. आणि मग मी मला बोलावून विचारायचं, बाई तुमचं काय झालं?"

"आणि चहा मी आणायचा," मी म्हणाले.

ती हसायची थांबली. "बटण आहे ना तुमच्याकडे?"

"आहे."

ज्याच्या हातात तक्रार द्यायची त्या साहेबाचं नाव मी लिहीत नाही. तुम्हाला ते माहीत आहे, आणि बाकीच्यांना त्याचं काम पुरेल. मी त्याला नेमप्लेटसाहेब म्हणायची. कमांडंटसाहेब लांबच्या कोर्सला गेलेले, म्हणून डेपो याच्या ताब्यात. त्याला एक खोड होती. कॅप्टन समोर आली की म्हणायचा, "ठोंबरे, नेमप्लेट वाकडी आहे," आणि स्वतःच्या हाताने सरळ करायचा. नावाची पट्टी छातीवर असते हे तुम्हाला सांगायला नको. डेपोत दीडशे पुरुष होते. दीडशे पट्ट्या. त्यातली एकही कधी वाकडी झाली नाही.

पहिला उपाय मी केला, पेटी फोडली त्या सोमवारच्या बराच आधी. तिच्या पट्टीच्या कडेने चार सेफ्टी पिना लावल्या, टोकं बाहेर.

"मावशी, हे ड्रेस रेग्युलेशनमध्ये बसत नाही."

"त्याचा हात बसतो का?"

दुसऱ्या दिवशी साहेबाच्या ऑफिसातून एक किंकाळी आली. साडेदहाला साहेब बोटाला पट्टी आणि दंडाला धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन हिंडत होता. कशाने लागलं म्हणून घागांनी विचारलं. साहेब म्हणाला, "गुलाब."

"गुलाब कुठे आहे आपल्याकडे?" घाग मला म्हणाले. "निवडुंग आहे तो पण कँटीनमागे."

आठवडाभर आम्ही हसलो. माझी तीच चूक. त्या पिनेचा राग त्याने साठवला. पुढच्या शुक्रवारी भर दुपारी तिला फाइल घेऊन बोलावलं आणि आतून कडी लावली. मी बाहेरच्या स्टुलावर होते. आत खुर्ची पडल्याचा आवाज आला. मी दार ठोठावलं, "साहेब, डाक!" असं ओरडले. डाक नव्हती. हातात कँटीनचा रिकामा ट्रे होता. दार उघडलं आणि ती फाइल छातीशी धरून बाहेर गेली. सॅल्यूट न करता. मी आत गेले. टेबलाखाली हिरवं बटण पडलं होतं. दोरा आणि दोऱ्याला कापडाचा तुकडा.

ताडपत्र्यांच्या गोदामात ती मला सापडली. गठ्ठ्यावर बसली होती.

"शिवून देऊ का?"

"नको. ठेवा तुमच्याकडे."

"पाणी?"

"मावशी, मी त्याच्या पोटात गुडघा मारला. सीनियर ऑफिसरला मारलं मी. कोर्ट मार्शल माझंच होईल."

"कुठे लागला?"

"पोटाच्या खाली."

"मग तो तक्रार करणार नाही," मी म्हणाले. तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

आणि तुम्ही विचारता, बाईंनी तत्काळ तक्रार का केली नाही. केली की. दुसऱ्याच दिवशी, थेट मुख्यालयाला. दोन पानं. शेवटी तीन मागण्या. एक, माझा वार्षिक अहवाल या साहेबाने लिहू नये. दोन, बदली करायचीच तर त्याची करा, माझी नको. तीन, लेडी डॉक्टरशी बोलू द्या आणि जबाब देताना माझं एक माणूस शेजारी बसू द्या. तिने चंद्र मागितला नव्हता.

पेटी फोडली त्याच सोमवारी दुपारी ते पाकीट परत आलं. वर तुमचा जांभळा शिक्का: 'योग्य मार्गाने न आल्यामुळे परत.'

घागांनी ते उघडलं, अर्धी ओळ वाचली, बंद केलं आणि पालथं टेबलावर ठेवलं. "मी काही बघितलं नाही."

"सुभेदारसाहेब, परत कोणाला द्यायचं हे?"

"योग्य मार्गाला."

"योग्य मार्गानेच तर कडी लावली होती."

घागांनी खिडकीबाहेर बघितलं. आंब्यावर माकडं होती. त्या माकडांवरही मुख्यालयाशी चौदा महिने पत्रव्यवहार चालू होता. "काळोखेबाई," ते म्हणाले, "तुझी दोन वर्षं उरलीत, माझं दीड. बुधवारी साहेब माझ्याकडे सही मागायला येत नाही, मी त्याच्याकडे जातो. कळलं?"

मला कळलं. त्यांनी उगाच बुधवार म्हटलं नव्हतं.

आता ही एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. आमच्याकडे साहेब शेरा स्वतः लिहीत नसे. कागदाच्या खाली हेडक्लार्क पेन्सिलने शेरा लिहायचा, सहीच्या जागी फुली मारायचा. साहेब त्या पेन्सिलीवरून शाईचं पेन फिरवायचा, फुलीवर सही करायचा. मग घाग रबर घेऊन खालची पेन्सिल पुसायचे, आणि शेरा साहेबाचा व्हायचा. अशी अख्खी फौज चालते म्हणत नाही मी. आमचा डेपो चालायचा. आणि बुधवारी साहेब दहाच्या ठोक्याला गोल्फला जायचा, म्हणून पावणेदहाला चाळीस कागदांवर उभ्या-उभ्या, चष्मा गाडीत ठेवून सह्या करायचा.

मंगळवारी घाग जेवायला गेले तेव्हा मी त्यांच्या टेबलावर बसले. कॅप्टनने नवं पत्र लिहून दिलं होतं. तीच दोन पानं, त्याच तीन मागण्या, फक्त वर 'योग्य मार्गाने' लिहिलेलं. मी ते पुढे ओढलं आणि शेजारी एका हवालदाराचा रजेचा अर्ज ठेवला, नमुना म्हणून. त्यावरचा शेरा एकेक अक्षर बघून उतरवायला लागले. 'रिकमेंडेड' पर्यंत आले आणि मागे घागांचा डबा वाजला.

मी उठले नाही. उठून जायचं कुठे?

त्यांनी माझ्या खांद्यावरून कागद वाचला. मग म्हणाले, "काय करतेस?"

"रजेचा अर्ज."

"कोणाचा?"

"साहेबाचा."

घागांनी खण उघडला. मला वाटलं फोन डायरी काढतात, गेली नोकरी. त्यांनी एक नवी पेन्सिल काढली, टोक केलं आणि माझ्यापुढे ठेवली. "एचबीने नको लिहू. चष्म्याशिवाय साहेबाला एचबी दिसत नाही. टू-बी घे, ती काळी उठते."

"तुम्हीच लिहा ना मग. माझं अक्षर कोंबडीचं."

"मी जेवायला गेलोय," घाग म्हणाले, आणि तिथेच बसून डबा उघडला. सुकटीचा वास सुटला. मी लिहीत राहिले.

"शेवटची ओळ पण घेऊ?" मी विचारलं.

"सगळी घे. शेरा अर्धा असला की कागद परत येतो."

सगळी घेतली. 'रिकमेंडेड अँड फॉरवर्डेड. केस जेन्युइन. नो रिलीफ रिक्वायर्ड.' म्हणजे शिफारस करून पुढे पाठवतो, प्रकरण खरं आहे. आणि रिलीफ म्हणजे आमच्या भाषेत बदली माणूस. हवालदार रजेवर गेला तर त्याच्या जागी दुसरा पाठवायची गरज नाही, एवढाच त्याचा अर्थ. तक्रारीच्या कागदावर ती ओळ बावळटासारखी दिसत होती, पण कागद परत आला नाही पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात.

बुधवारी डाकेचं पुठ्ठ्याचं पॅड मीच लावलं आणि घागांऐवजी मीच आत नेलं. वर रजेचे अर्ज, मग माकडांचा उपद्रव, मग बागेतल्या पाण्याच्या पाइपाची मागणी. कॅप्टनचं पत्र माकडांच्या खाली, पाइपाच्या वर. पहिलं पान आत दुमडलेलं, फक्त शेऱ्याची जागा उघडी.

साहेब फोनवर होता. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पेन.

"हां सर, नऊ होल. नाही सर, हवा छान आहे." सही. सही. सही. मी पान उलटत होते. माकडं आली. साहेब थांबला.

"ये बंदर अभी भी है?"

"आहेत साहेब."

"सख्त कारवाई होनी चाहिए," साहेब म्हणाला आणि सही केली.

मी पान उलटलं. त्याने पेन्सिलीवरून पेन फिरवलं. 'जेन्युइन'च्या एका अक्षरावर माझी पेन्सिल घसरली होती, तिथे अडला. खाली वाकला.

"घाग का हँडरायटिंग बिगड गया है," तो म्हणाला. अक्षर स्वतः दुरुस्त केलं. सही ठोकली. मग पाइप.

त्याने दुरुस्त केलं हो! स्वतःच्या हाताने!

बाहेर घाग रबर घेऊन तयार बसले होते. पोटच्या पोराचं नाक पुसावं, एवढ्या निगुतीने त्यांनी पेन्सिल पुसली. शिक्का मारला, जावक क्रमांक टाकला. अकराच्या गाडीने पाकीट गेलं. मग ते मला म्हणाले, "मी काही बघितलं नाही, बाय. पण बघितलं असतं तर बरं वाटलं असतं."

तपासणी झाली, जनरलसाहेबांनी फलक बघून मान डोलावली आणि गेले. बावीस दिवसांनी चौकशीचं कोर्ट आलं. तीन ऑफिसर, तिन्ही पुरुष, अध्यक्ष एक ब्रिगेडियर. कॅप्टनचं एक माणूस शेजारी बसायला हवं होतं ना? मी गेले. बाहेर काढलं. म्हणून मी पाणी नेलं.

पहिल्यांदा नेलं, कोणी काही म्हटलं नाही. दुसऱ्यांदा नेलं. तिसऱ्यांदा ब्रिगेडियर म्हणाले, "बाई, कोणालाही तहान लागलेली नाही."

"मॅडमना लागते, साहेब."

"त्यांचा ग्लास भरलेला आहे."

"ते कोमट झालंय."

ती मान खाली घालून सांगत होती. मी ग्लास बदलताना तिच्या खुर्चीच्या पाठीला बोट लावायची. एवढंच. दोन तासांत सहा ग्लास नेले, ती एकही प्यायली नाही. तीन नंबरची मागणी ती तेवढीच पुरी झाली. ती मी केली, तुम्ही नाही.

माझा जबाबही झाला. मी बटण टेबलावर ठेवलं. मला पेन्सिलीचं कोणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच: "ते पत्र डाकेत कुठे होतं?"

"माकडांच्या खाली, साहेब. पाइपाच्या वर."

लिहिणाऱ्या कारकुनाने मान वर केली. "हे लिहू का सर?"

"लिहा," ब्रिगेडियर म्हणाले.

मग नेमप्लेटसाहेब आला. मी सातवा ग्लास घेऊन आत होते.

"शेऱ्यावरची शाई तुमची?"

"होय सर."

"यात तुम्ही म्हटलंय की प्रकरण खरं आहे."

"सर, मी ते वाचलं नव्हतं."

ब्रिगेडियरांनी पेन खाली ठेवलं. एवढा वेळ ते कंटाळलेले होते. आता ताठ बसले. "न वाचता सही? या डेपोतून दारूगोळ्याच्या गाड्या बाहेर पडतात. त्यांच्या गेटपासवर कोणाची सही असते?"

"माझी, सर."

"न वाचता?"

बाईला कडी लावून धरलं, हे ऐकताना ज्यांनी दोनदा घड्याळ बघितलं, ते तिघे आता पुढे झुकले होते. साहेबाला दिसलं की यातला मोठा गुन्हा कोणता.

"नाही सर," तो म्हणाला. "मी प्रत्येक कागद वाचून सही करतो."

"मग हाही वाचलात."

"...होय सर."

"लिहा," ब्रिगेडियर म्हणाले.

मी ग्लास तिथेच विसरून बाहेर आले. कँटीनमागे निवडुंगाशी बसून मी आणि घाग पोट धरधरून हसलो. घागांनी त्या दिवशी मला स्वतःच्या पैशाने चहा पाजला. तो खरंच पातळ होता.

दोन महिन्यांनी तुमचा निकाल आला. पाकीट मीच गेटवरून आणलं आणि तिच्या टेबलावर ठेवलं. ती उभ्याने वाचू लागली. पहिल्या परिच्छेदाला तिने टेबलावर मूठ आपटली. 'तक्रार सिद्ध झाली आहे. संबंधित अधिकाऱ्यास डेपोतून हलवण्यात येत आहे.' नंतर कळलं, त्याने घराजवळची जी जागा वर्षभर मागितली होती, तिथेच.

मग दुसरा परिच्छेद. ती वाचता वाचता बसली. कागद माझ्याकडे सरकवला.

'तक्रारदार अधिकाऱ्याच्या तीन मागण्यांबाबत: अग्रेषित करणाऱ्या अधिकाऱ्यानेच स्पष्ट नमूद केले आहे की कोणत्याही दिलाशाची आवश्यकता नाही. नो रिलीफ रिक्वायर्ड. सबब मागण्या निकाली काढण्यात येत आहेत.'

मी ती ओळ उलटी वाचली, मग सुलटी. माझ्याच पेन्सिलीची ओळ.

"पोरी," मी म्हणाले. त्याआधी कधी म्हटलं नव्हतं. "ही मी लिहिली. रजेच्या अर्जावरून."

तिने कागद परत ओढून घेतला. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही रजेच्या अर्जावरून लिहिली. यांनी कशावरून वाचली?"

वार्षिक अहवाल त्यानेच जाता जाता लिहून ठेवला होता: 'आत्मविश्वास कमी.' जिच्या आवाजाने कावळे उडायचे तिला. तिची बदली तीन दिवसांच्या रेल्वेप्रवासावर झाली. डॉक्टर मिळाली नाही. नोकरीची पाच वर्षं भरली तेव्हा तिने वर्दी उतरवली. पुढे लग्नाला तिने मला वाशीमला बोलावलं. बोहल्यावर मामाने मुंडावळ्या सरळ करायला हात पुढे केला, आणि नवरी दोन पावलं मागे सरकली. लोक हसले. त्यांना वाटलं, लाजली.

घाग गेले परवाच्या वर्षी, म्हणून त्यांचं आता लिहिते. मी रिटायर झाले. पेन्सिल माझी होती, अक्षर माझं होतं, चूक माझी होती, हे मी तुम्हाला नऊ वर्षांत अकरा वेळा लेखी कळवलंय. अकराही वेळा तुमचं एकच उत्तर: व्यवस्था संपूर्ण कार्यरत होती, आणि अर्ज योग्य मार्गाने आलेला नाही.

माझं सोडा. मी चौथी शिकलेली बाई, अक्षर बघून अक्षर काढलं. पण त्या शेऱ्याच्या वर तिच्या हातची दोन पानं होती. खाली तीन मागण्या होत्या, एक, दोन, तीन, शहाण्या माणसासारख्या. तुम्ही त्यावर निकाल दिलात आणि खाली सही केलीत. तुमच्यातल्याच एका ब्रिगेडियरांनी साहेबाला जे विचारलं, तेच मी तुम्हाला विचारते, आणि या वेळी योग्य मार्ग म्हणजे हे छापलेलं पान आहे असं समजा.

ती सही तुम्ही वाचून केलीत, की न वाचता?